कोल्हापुरात महिला वकिलांची संघटना चालवायची तर: सत्कार कमी, काम जास्त

१८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसून केसेस ऐकणारं हायकोर्टाचं पीठ, चालू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं काम इथं आलं. याआधी आपल्याकडच्या कित्येक चांगल्या वकील मुलींनी हायकोर्टाचा नाद सोडून दिलेला, कारण लहान पोराला घरी ठेवून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठायची, दिवसभर बोर्डकडं (त्या दिवशीच्या केसेसच्या यादीकडं) बघत बसायचं, आपली केस पोचलीच नाही म्हणून पुढची तारीख घेऊन परत यायचं, हे महिन्यातनं तीनदा कोण करणार. आता ते कारण राहिलं नाही. पण म्हणून काम आपोआप महिला वकिलांकडं येणार असं कुणाला वाटत असेल तर तसं काही होत नसतं, काम ज्यांच्याकडं आधीपासून आहे त्यांच्याकडंच जातं. ते वळवायचं तर मागं संघटना लागते, आणि संघटना म्हणजे ८ मार्चला गुलाबाचं फूल, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचं भाषण एवढंच नव्हे. खाली जे लिहितोय ते कोल्हापूर डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, सांगली-साताऱ्यालाही बरंचसं चालेल.

आधी मोजा, मग बोला

पहिलं काम म्हणजे आकडे. "महिलांना संधी मिळत नाही" असं नुसतं म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, "कोण अडवतंय मॅडम, या की पुढं." त्यावर उत्तर कागदावर पाहिजे. बारची, म्हणजे इथल्या सगळ्या वकिलांच्या असोसिएशनची, मतदार यादी घ्या आणि त्यात महिला किती ते काढा, मागच्या पाच कार्यकारिणींत महिला किती होत्या आणि कुठल्या पदावर ते लिहा (सहसा "महिला प्रतिनिधी" नावाची एक खुर्ची असते आणि विषय तिथंच संपतो). नंतर सरकारी पॅनल, महापालिका, जिल्हा परिषद, विद्यापीठ यांच्या वकील पॅनलवर, म्हणजे त्यांच्या केसेस चालवायला नेमलेल्या वकिलांच्या यादीवर, किती जणी आहेत ते बघा. हे तोंडी विचारत बसू नका, माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचं काम आहे आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात फक्त पॅनलवरची नावं मागू नका, मागच्या तीन वर्षांत प्रत्येकाला किती केसेस दिल्या आणि फी किती दिली तेही मागा, कारण पॅनलवर नाव असतं पण फाईल येत नाही हा खरा रोग आहे.

आणखी एक गोष्ट मोजायची असते जी कुठल्याच रजिस्टरला सापडत नाही. वकीलपत्रावर नाव कुणाचं आणि कोर्टापुढं उभं कोण राहतं? दोन-तीन जणींनी ठरवून महिनाभर वेगवेगळ्या कोर्टांत बसून नुसती नोंद ठेवायची, मुदतीचा अर्ज कोण देतं, उलटतपास कोण घेतं, अंतिम युक्तिवाद कोण करतं. मुदती मागायला ज्युनिअर मॅडम आणि युक्तिवादाला साहेब असं चित्र निघालं तर तो एक कागद दहा भाषणांपेक्षा भारी पडतो.

ज्यांनी प्रॅक्टिस सोडली त्यांना फोन करायला विसरू नका. लग्न झालं, बाळंतपण झालं, सासर गडहिंग्लजला, नवऱ्याची बदली झाली, अशी कारणं येतील, पण जरा खोलात विचारलं की "चार वर्षं ज्युनिअरशिप केली, पेट्रोलचे पैसे पण सुटत नव्हते" हे निघतं. ही यादी पुढं लागणार आहे.

वेगळी संघटना की बारमध्येच समिती?

यावर लई वाद होतात. वेगळं काढलं की "तुम्ही बार फोडता" म्हणतात, आतच राहिलं की समितीला ना पैसा ना अधिकार. माझं मत असं की दोन्ही पाहिजे, पण क्रम महत्त्वाचा. आधी बारच्या कार्यकारिणीचा ठराव करून महिला समिती मागा, ठरावातच तिचं काम, मुदत आणि वर्षाला किती रक्कम ते लिहून घ्या. वर्षभर ती चालवा. त्यातनं काम करणाऱ्या कोण आणि फोटोपुरत्या येणाऱ्या कोण हे आपोआप कळतं. मग त्यातल्या कामाच्या सात-आठ जणींना घेऊन संस्था रजिस्टर करा.

रजिस्टर करायला वकिलांना काय सांगायचं, पण आपल्याच घरचं काम मागं राहतं म्हणून थोडक्यात. सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट १८६० खाली किमान सात सभासद लागतात, महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली पण नोंदणी होते, दोन्ही धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातनंच. घटनेत उद्देश लिहिताना "महिलांचा सर्वांगीण विकास" असलं ढोबळ लिहू नका. प्रशिक्षण, ज्युनिअरना आर्थिक मदत, तक्रार निवारण, पॅनलसाठी पाठपुरावा असं सरळ लिहा. अध्यक्षपद दोन वर्षांचं ठेवा आणि लागोपाठ दुसऱ्यांदा नाही असं कलमच टाका, नाहीतर एकीचीच संस्था होऊन बसते आणि बाकीच्या पाठ फिरवतात. इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज यांना कार्यकारिणीत हक्काची जागा द्या, सगळा कारभार कसबा बावड्यातनंच, म्हणजे जिल्हा कोर्टातनंच चालला तर तालुक्यातल्या मुली दुसऱ्या मीटिंगला येत नाहीत. मीटिंगची वेळ पण बघा, संध्याकाळी सहाची ठेवली की निम्म्या जणींचं लक्ष घड्याळाकडं असतं. कोर्टाच्या मधल्या सुट्टीत अर्धा तास, नाहीतर रात्री जेवणं उरकल्यावर ऑनलाईन.

बारच्या घटनेत जागा

वकिलीची सनद महिलांना देता येते की नाही हा प्रश्न १९२३ च्या कायद्यानं मिटला, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. आता कुणी "येऊ नका" म्हणत नाही, "तुम्ही कशाला इलेक्शनच्या भानगडीत पडता" एवढंच म्हणतात.

सुप्रीम कोर्टानं मे २०२४ मध्ये स्वतःच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा महिलांना ठेवायला सांगितलं, शिवाय पदाधिकाऱ्यांपैकी एक पद आळीपाळीनं महिलेला, सुरुवात खजिनदारापासून. पुढं दिल्लीतल्या बार असोसिएशन आणि बेंगळुरूच्या वकील संघटनेबाबतही तशाच वळणाचे आदेश झाले. डिसेंबर २०२५ मध्ये राज्य बार कौन्सिलांत ३० टक्के प्रतिनिधित्वाचा आदेश आला, त्या फेरीपुरतं २० टक्के निवडणुकीतनं आणि १० टक्के स्वीकृत सदस्य म्हणून. हे सगळे आदेश मूळातनं डाऊनलोड करून वाचा, कुठला आदेश कुणापुरता आहे ते नीट बघा, कारण सभेत उठून "सुप्रीम कोर्टानं सांगितलंय" म्हणायचं आणि समोरच्या सिनिअरनं "कुठल्या पॅरात, दाखवा" म्हटलं की गप्प बसायची वेळ येते. जो आदेश थेट लागू नाही तो मांडणीला जोर म्हणून वापरा, बंधन म्हणून सांगू नका.

खरं सांगायचं तर कोल्हापुरात सुप्रीम कोर्टापेक्षा सहकाराचा दाखला जास्त चालतो. ९७ व्या घटनादुरुस्तीपासून सहकारी संस्थेच्या संचालक मंडळात महिलांना दोन जागा राखीव आहेत, महाराष्ट्रात ग्रामपंचायत ते जिल्हा परिषद निम्म्या जागा महिलांना आहेत. म्हणजे गावातल्या दूध संस्थेत दोन महिला संचालक बसतात, त्या संस्थेची केस चालवणाऱ्या वकिलांच्या बारमध्ये मात्र विषय काढला की "मेरिटवर या". हे सभेत बोला, हसतील पण पटेल. शाहू महाराजांचं नाव पण घ्या, १९१७ साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा करणाऱ्या राजाच्या गावात हे मागावं लागतंय एवढंच म्हणा आणि खाली बसा, भाषण लांबवू नका.

प्रत्यक्षात करायचं असं. बारच्या घटनेची प्रत मागा, दुरुस्तीची पद्धत, नोटिशीची मुदत, विशेष सभेसाठी किती सह्या लागतात, कोरम किती, बहुमत किती हे काढा. दुरुस्तीचा मसुदा दोन-तीन वाक्यांचाच करा. कार्यकारिणीत एक तृतीयांश, एक पदाधिकारी पद आळीपाळीनं, आणि महिला उमेदवार पुरेशा नसतील तर जागा रिकामी न ठेवता स्वीकृतीनं भरणार, एवढं पुरे. हे तिसरं वाक्य महत्त्वाचं, कारण "उमेदवारच मिळत नाहीत" हीच पळवाट असते. सह्या घेताना आधी पुरुष वकिलांच्या घ्या, विशेषतः ज्यांची मुलगी किंवा सून लॉ करतेय अशा सिनिअरांच्या, शहाजी लॉ कॉलेजमधनं दरवर्षी ज्या मुली बाहेर पडतात त्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी कुणीतरी काळा कोट आहेच.

जागा मिळाली तर खजिनदार पद मागा. सहसचिव पदावर बसून कार्यक्रमाची निमंत्रणं वाटायला लावतात, खजिनदाराला विचारल्याशिवाय मात्र चेक निघत नाही. पण मग ज्या मैत्रिणीला उभं करणार तिला ताळेबंद, ऑडिट, बँकेच्या सह्या हे सगळं दोन महिने आधी शिकवा.

मुख्य गोष्ट, फाईल कशी मिळवायची

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. बाकी सगळं झालं आणि हातात काम नसलं तर उपयोग शून्य.

महिला वकील दिसली की पक्षकार पण, सिनिअर पण, पोटगी, घटस्फोट, कौटुंबिक हिंसाचार यातच बसवतात. ते काम कमी दर्जाचं नाही, पण फी कमी आणि मनस्ताप जास्त. कोल्हापुरात पैसा कुठं आहे ते बघा: सहकार, जमिनीचे वाद, भूसंपादन, मोटार अपघात, चेक बाउन्स, कामगार. सहकारी संस्थांचं जाळं एवढं मोठं की सहकार कायद्याच्या कलम १०१ चे वसुली दाखले आणि कलम ९१ चे वाद एवढ्यावर चेंबर चालतात. म्हणून संघटनेनं पहिलं प्रशिक्षण "महिला आणि कायदा" यावर अजिबात ठेवू नये, ते आपल्याला येतं. सहकार कायद्यावर सलग सहा शनिवार ठेवा, त्यात प्रत्यक्ष अर्जाचा मसुदा करून घ्या, आणि शेवटच्या शनिवारी दोन-तीन संस्थांच्या सेक्रेटरींना चहाला बोलवा. पुढच्या बॅचला भूसंपादनाचा मोबदला, मग हायकोर्टातलं रिट आणि अपिलाचं ड्राफ्टिंग. सर्किट बेंचसाठी हे शेवटचं अगदी लवकर करा.

दुसरं म्हणजे यादी. कुठली वकील कुठल्या विषयात किती वर्षं काम करते याची विषयवार यादी करून वकिलांमध्येच फिरवा. सातारा-सोलापूरच्या वकिलाला बेंचपुढं इथलं कुणीतरी लागतं, रत्नागिरीच्या मॅडमना एका तारखेसाठी घाट चढून यायचं नसतं, त्यांनी ही यादी उघडून फोन करावा. यादीत नाव, सनद क्रमांक, कामाचा विषय एवढंच ठेवा, "नामांकित", "यशस्वी" असली विशेषणं आणि जाहिरातबाजी नको, वकिलांना जाहिरात करायला बंदी घालणारा बार कौन्सिलचा नियम ३६ विसरून चालणार नाही. आणि एक अलिखित नियम पाळा, फाईल ज्या मैत्रिणीकडनं आली तिचा पक्षकार आपल्याकडं ओढायचा नाही. हे एकदा जरी झालं तर यादी मेली.

तिसरं, वर्षांप्रमाणं कोणती दारं उघडतात याचा तक्ता बनवून बार रूममध्ये लावा, निम्म्या जणींना माहीतच नसतं:

- न्यायाधीश व्हायला दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेला तीन वर्षं प्रॅक्टिस लागते, मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ही अट परत आली. म्हणजे सनद घेतल्यावर "अभ्यास करत घरी बसते" असं आता चालत नाही, कोर्टात यावंच लागतं, आणि म्हणून ती तीन वर्षं नीट शिकवणारा सिनिअर मिळवून देणं हे पण संघटनेचं काम.
- नोटरीसाठी साधारण दहा वर्षं, पण महिलांना सात वर्षं पुरतात. हे कितीजणींना माहीत आहे विचारून बघा.
- सरकारी वकील, अतिरिक्त सरकारी वकील यांना सात वर्षं, जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला पण सात.
- मध्यस्थीसाठी ४० तासांचं प्रशिक्षण असतं, २०२३ चा मध्यस्थी कायदा आल्यापासून त्याला महत्त्व आलंय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं नाव देऊन ठेवा.
- त्याच प्राधिकरणाचं पॅनल. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणं महिलांना उत्पन्नाची अट न बघता मोफत वकील मिळतो, पण तिथं फक्त महिलांच्या केसेस मागू नका, फौजदारी बचावाचं काम मागा. सेशन्स ट्रायलचा उलटतपास शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

जाहिरात निघाली की अर्ज भरून घ्यायला एक संध्याकाळ ठरवा, सगळ्यांनी एकत्र बसून, कागदपत्रं स्कॅन करून तिथंच अर्ज पूर्ण. "मी भरला असता पण लायक आहे का नाही वाटलं" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता "आधी भरा मग विचार करा" हेच सांगतो. सर्किट बेंचच्या सरकारी पॅनलवर नेमणुका होतात तेव्हा मोजणीचा तो कागद जोडून लेखी निवेदन द्या, पोच घ्या, आणि सोबत इच्छुक महिला वकिलांची अनुभवासह यादी द्या. यादीशिवायचं निवेदन म्हणजे नुसता निषेध.

तक्रार समिती, हे टाळू नका

२०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा वकिलांना कसा लागू होतो हा गुंता आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं म्हटलं की वकील आणि बार कौन्सिल यांच्यात मालक-नोकर नातं नाही त्यामुळं वकिलांसाठी बार कौन्सिलनं त्या कायद्याखाली समिती नेमायचं बंधन येत नाही, व्यावसायिक गैरवर्तनासाठी ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५ आहे. चेंबरमध्ये दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती लागते, दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. पण विशीतली ज्युनिअर एका सिनिअरविरुद्ध कलम ३५ खाली तक्रार करायला कधी जाणार, तिचं सगळं करिअर त्याच बार रूममध्ये आहे.

म्हणून बारनं स्वतःच्या नियमांतच समिती करावी. सुप्रीम कोर्टात २०१३ पासून स्वतःचे नियम आणि समिती आहे, तो नमुना घ्या. समितीत निम्म्यापेक्षा जास्त महिला, एक सदस्य वकिलीच्या बाहेरची, समाजकार्य किंवा समुपदेशन करणारी, आणि चालू पदाधिकारी एकही नको. इलेक्शनमध्ये मतं मागायची असलेला माणूस तक्रार ऐकायला बसला तर काय होतं सांगायला नको. नियमात गुप्तता, मुदत, आणि तक्रारदार ज्युनिअरला ताबडतोब दुसऱ्या चेंबरमध्ये जागा मिळवून द्यायची जबाबदारी लिहा. ही शेवटची गोष्ट कायद्यात नाही पण आपल्याकडं सगळं त्यावरच अडतं, चेंबर सुटलं की काम सुटतं म्हणून मुली सहन करतात. तक्रारीचा नंबर आणि ईमेल महिला बार रूमच्या दारावर लावा. एक वर्ष एकही तक्रार आली नाही म्हणून "आमच्याकडं असं काही नाही" असं जाहीर करू नका.

सोयी

यावर जास्त लिहीत नाही. टॉयलेट, पाळणाघर, बाळाला पाजायची खोली, लॉकर. राजीब कलिता केसमध्ये १५ जानेवारी २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या कोर्टांत पुरुष, महिला, दिव्यांग, तृतीयपंथी यांच्यासाठी स्वच्छतागृहं पाहिजेत असं सांगून हायकोर्टांना समित्या नेमायला लावल्या, त्याचा हवाला देऊन प्रधान जिल्हा न्यायाधीशांना फोटोसह पत्र द्या, तालुका कोर्टांचे फोटो आधी जोडा कारण तिथं हालत जास्त वाईट असते. शेंडा पार्कला बेंचच्या कायमच्या संकुलासाठी जागा ठरलीय, नकाशे कागदावर असतानाच पाळणाघर आणि महिला बार रूम त्यात घुसवा. भिंती उभ्या राहिल्यावर जिन्याखालची खोली मिळते.

ज्युनिअर आणि परत येणाऱ्या

बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार महिना द्यावेत असं परिपत्रक काढलं, बंधनकारक नाही, शिफारस आहे. कोल्हापुरात हा आकडा ऐकून सिनिअर चहा सांडतील. तरी आकडा मांडा आणि खाली या: जे सिनिअर ठरावीक रक्कम दर महिन्याला बँकेतनं देतील आणि वर्षात किमान काही साक्षीदारांचा उलटतपास ज्युनिअरला घेऊ देतील त्यांची नावं संघटनेनं लॉ कॉलेजात कळवायची. चांगली मुलं-मुली कुठं जातील हे त्यावर ठरायला लागलं की बाकीचे पण विचार करतात.

परत येणाऱ्यांचं वेगळं. मध्ये पाच-सात वर्षं गेली तर आधी सनदेची स्थिती बघा, मध्ये पूर्णवेळ नोकरी केली असेल तर सनद निलंबित करून ठेवलेली असते, ती परत चालू करायचा अर्ज लागतो. मग १ जुलै २०२४ पासून फौजदारीचे तिन्ही कायदे बदललेत, भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम, ई-फायलिंग आलंय, व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आलंय. यावर आठ-दहा बैठकांचा उजळणी वर्ग ठेवा आणि प्रत्येकीला पहिले सहा महिने एक चालू वकील जोडून द्या. आधी फोन करून काढलेली सोडलेल्यांची यादी इथं कामाला येते, त्यातल्या दोघी जरी आल्या तरी पुढच्या वर्षी चौघी येतात.

पैसा आणि कागद

वर्गणी ठेवा, फुकट नको. ज्युनिअरला नाममात्र, दहा वर्षांपुढं जास्त. देणगी घेताना ज्या संस्थेच्या पॅनलवर जायचा प्रयत्न चाललाय तिच्याकडनं घेऊ नका. जमलेल्यातला निम्मा तरी पैसा ज्युनिअरच्या पुस्तकांना, सर्किट बेंचच्या तारखेला बाहेरगावाहून येणाऱ्या मुलीच्या राहण्याला आणि प्रशिक्षणाला जावा, मंडप आणि स्मृतिचिन्हांना नाही. दरवर्षी मोजणीचा तोच तक्ता परत भरा, आकडे हलले का बघा, नसतील हलले तर सभेत तसंच सांगा. आणि कार्यकारिणी बदलली की विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ चा बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय ऑफिसला द्या, सोबत बँकेतल्या सह्या पण बदलून घ्या, जुन्या खजिनदार मॅडम पुण्याला राहायला जायच्या आत.